तक्तपोशीतलं दार

अ‍ॅम्ब्युलन्सच्या बाईंनी विचारलं, "या घरातून खाली उतरायला दुसरी वाट आहे का?"

•

इचलकरंजीला आमच्या घरामागे यंत्रमागांची शेड होती. वीज गेली की खडखडाट थांबायचा आणि अप्पा दचकून जागे व्हायचे. इंग्लंडला आले तेव्हा सुरुवातीला ते रात्रभर तसेच जागे असत. "काहीतरी बंद पडलंय," म्हणायचे.

•

हीथ्रोवर अधिकाऱ्याने बॅग उघडून रांगता बाळकृष्ण हातात घेतला आणि उलटा करून पाहिला.
अप्पा म्हणाले, "हात धुतलेत का, विचार त्याला."

•

आम्ही राहायचो त्या इंग्लंडमधल्या खेड्यात सगळीकडे गुळाच्या ढेपेच्या रंगाचा दगड. छपरावरही दगडाच्याच चकत्या, वळचणीला मोठ्या आणि शेंड्याकडे लहान लहान होत गेलेल्या. घरं एका ओळीत, खांद्याला खांदा लावून. दोन घरांत मिळून एकच भिंत. एकाने शेगडी पेटवली की दुसऱ्याची भिंत उबदार. गावात म्हणायचे, कडेचं एक पाडलं तर बाकीची हळूहळू त्या अंगाला कलतील.

•

कौन्सिलच्या बाई जिन्यातला दोर धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "कठडा नाही लावता येणार. हा दोर ज्या कड्यांत ओवलाय त्या कड्या वारसा-यादीत आहेत, जुन्या आहेत."
"माझे वडीलही जुने आहेत," मी म्हटलं.
त्या हसल्या. खरंच हसल्या, छान होत्या. कठडा नाही मिळाला.

•

शेजारच्या डेनिसच्या किटलीची शिट्टी अप्पांच्या गादीखाली वाजायची.

•

हे किटलीचं नीट सांगायला हवं, कारण त्या शनिवारी जे झालं ते या रचनेमुळे झालं.

आमच्या घरात खाली एकच खोली होती. तिच्यात माणूस आत उभा राहील एवढी दगडी चूल, कोपऱ्यात स्वयंपाकाची जागा आणि चुलीच्या बाजूला कपाटाचं वाटावं असं दार. ते उघडलं की जिना. भिंतीच्या जाडीतच बसवलेला, गोल फिरत वर जाणारा. पायऱ्या एका टोकाला पाऊलभर, दुसऱ्या टोकाला चार बोटं. वर न्हाणीघर आणि दोन खोल्या. रस्त्याकडची माझी. मागची अप्पांची, आणि ती आमच्या घरावर नव्हतीच. ती शेजारच्या डेनिसच्या स्वयंपाकघरावर होती.

त्या दोन घरांत पूर्वी दोन विणकर भाऊ राहायचे म्हणे. एकाला माग ठेवायला जागा पुरेना, तेव्हा दुसऱ्याने आपल्या डोक्यावरची खोली त्याला देऊन टाकली. मधल्या भिंतीत या बाजूने दार पाडलं, त्या बाजूचं बुजवलं. खाली एकाचं, वर दुसऱ्याचं. कागदोपत्री अजूनही तसंच होतं.

हे अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पायाखालच्या तक्तपोशीकडे बघितलं. मग म्हणाले, "सख्ख्या भावाला डोक्यावरची खोली दिली? आपल्याकडं तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या."

ही खोली त्यांना लगेच आवडली. विणकराची म्हणून असेल. आई गेल्यानंतर मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. मी जवळच्या शहरात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. दिवसभर ते एकटेच असायचे. एकटे म्हणजे, खाली डेनिस.

डेनिस सत्तरीचा, निवृत्त पोस्टमन, याच घरात जन्मलेला. अप्पा त्याला दिनेश म्हणायचे.

"दिनेश, गुड मॉर्निंग," खिडकीतून.

"मॉर्निंग, गुरू," खालून, मागच्या गल्लीतून. अप्पांचं नाव गुरुनाथ. त्याने परस्पर अर्धं केलं होतं.

त्या खोलीच्या तक्तपोशीत, म्हणजे पायाखालच्या लाकडी जमिनीत, भिंतीलगत, एक दार होतं. जाड ओकच्या फळ्यांचं, आडवं. ते खाली डेनिसच्या स्वयंपाकघरात उघडायचं. आडणेही, म्हणजे सरकवायचे अडसर, त्याच्याच बाजूला, लोखंडाचे. घर विकणारा एजंट म्हणाला होता, फर्निचरसाठी. जिन्यातून कपाट वळत नाही, मग खालून दोराने वर ओढायचं. मला पटलं. डेनिसलाही एकदा विचारलं, तर तो चष्मा पुसत म्हणाला, "हो. फर्निचर वगैरे."

अप्पांनी देव्हारा बरोबर त्या दारावर मांडला.

"अप्पा, खिडकीपाशी मांडू या की. उजेड आहे तिथे."

"इथंच बरं. पूर्व आहे."

सकाळचं ऊन त्या खोलीत खिडकीतून यायचं. पूर्व खिडकीकडे होती.

मग रोज आंघोळ, पूजा, घंटा. कुलदेवी चौंडेश्वरीचा चांदीचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. आठवड्याच्या आतच डेनिस हातात बशी घेऊन पुढच्या दारी आला. बशीत टोस्ट, टोस्टवर अंडं, अंड्यावर पाणी.

"सुनेत्रा, तुमचा देव माझ्या नाश्त्यावर गळतोय."

मी मान खाली घालून माफी मागितली आणि वर जाऊन अप्पांना सांगितलं.

"त्याला म्हणावं, तीर्थ आहे. खा."

मी डेनिसला तसंच सांगितलं. तो अंड्याकडे बघून म्हणाला, "चर्चमध्ये थेंबावर भागतं, माय लव्ह." पण खाल्लं त्याने. पुढे अप्पा ताम्हन घ्यायला लागले आणि डेनिस टेबल थोडं सरकवून बसायला लागला. माणसं एवढ्यावर जुळतात.

•

शनिवार. पूजा झाली होती, उदबत्ती अर्धी जळली होती. अप्पा पलंगावर आडवे होते आणि त्यांच्या तोंडाचा रंग गेला होता.

"अपचन असेल," ते म्हणाले. "ओवा दे."

मी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचं यंत्र लावलं. आकडा आला. तो आकडा मला कळत होता, हेच वाईट होतं.

अ‍ॅम्ब्युलन्स लवकर आली. ग्वेन नावाची, माझ्याच वयाची, रुंद खांद्यांची बाई आणि तिच्याबरोबर एक उंच माणूस. दोघं जिन्यातून अंग तिरकं करून वर आली. त्याला दोनदा डोकं लागलं. ग्वेनने अप्पांच्या छातीला तारा लावल्या, आलेखाची पट्टी वाचली आणि मला काही सांगायच्या आधी त्या माणसाकडे बघितलं.

"हृदयाचं आहे," मग म्हणाली. "लगेच न्यायला हवं. हेलिकॉप्टर बोलावलं तरी आधी यांना या खोलीबाहेर काढायला हवं."

त्यांच्याकडे उतरवायची घडीची खुर्ची होती. अप्पांना तिच्यात बसवलं, पट्टे लावले. जिन्याच्या तोंडापर्यंत नेईस्तोवर त्यांची मान कलली.

"खाली ठेव, खाली ठेव! आडवं!"

आडवं केलं तसे ते पुन्हा शुद्धीवर आले. "काय झालं?" म्हणाले. "आलं का हॉस्पिटल?"

"बसवलं की बेशुद्ध होतायत," ग्वेन मला म्हणाली. "झोपवूनच न्यावं लागेल."

उंच माणूस रिकामी खुर्ची उघडीच घेऊन जिना बघायला खाली गेला. अंदाज घ्यायला. थोड्या वेळाने खालून शिवी ऐकू आली, मग दगडावर लोखंड घासल्याचा आवाज. वळणावर खुर्ची अडकली होती. वरही येईना, खालीही जाईना. तो पलीकडे होता, आम्ही अलीकडे.

ग्वेन खिडकीपाशी गेली. खिडकी लांबलचक होती, मागावर उजेड पडावा म्हणून केलेली. पण तिचे दगडी खांब असे जवळजवळ की मधल्या फटीतून फक्त मांजर जावं.

तेव्हा तिने विचारलं, "या घरातून खाली उतरायला दुसरी वाट आहे का?"

मी देव्हाऱ्याकडे बघितलं. तिनेही बघितलं. मग तिने खाली फळ्यांकडे बघितलं.

"याच्याखाली काय आहे?"

"डेनिसचं स्वयंपाकघर."

तिने टाच आपटली. "डेनिस!"

"आहे!" खालून, इतक्या जवळून की ती दचकली. "सगळं ऐकतोय मी. टेबल हलवलंय. अग्निशामक दलवाले येतायत, गावातलेच आहेत, ओळखतो मी त्यांना. त्यांच्याकडे दोर आहेत. आडणे काढू का?"

"थांबा. वर सामान आहे."

सामान. मी पुढे झाले आणि गुडघ्यांवर बसले.

"सुनू," अप्पा म्हणाले. "हात लावू नको."

"अप्पा, आंघोळ झालीय माझी."

"त्यासाठी नाही म्हणत."

"मग अक्षता टाकून उचलते. नीट उचलते. परत मांडू, आल्यावर. हे दार उघडायचंय, त्यातून तुम्हाला खाली घ्यायचंय."

"म्हणूनच म्हणतोय. हात लावू नको."

ग्वेन विचारत होती, काय म्हणतायत. मी हाताने तिला थांबवलं.

"अप्पा, जिन्यातून जमत नाहीये. बघितलंत ना? हे दार मोठं आहे. फर्निचर चढवायचं दार आहे."

ते हसले. त्या अवस्थेतसुद्धा हसले. कापड मोजताना व्यापाऱ्याने गज लपवला की हसायचे तसे.

"फर्निचरचं? सहा फूट लांब, दोन फूट रुंद. कपाट असतं का गं असं? आडवा माणूस असतो असा. मला पहिल्या दिवशी कळलं. जिन्यातनं तिरडी वळत नाही यांची, म्हणून केलंय हे."

मी फळ्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

"दिनेशला विचारलं मी. खुणेनं. हे असं झोपून दाखवलं, हात छातीवर ठेवून. त्यानं मान हलवली. बिचारा रडकुंडीला आला." त्यांना दम लागला. ते थांबले. "म्हटलं, असू दे. वर देव बसले की कोण उघडतंय? त्यांना ओलांडून कोण नेतंय मला?"

"अप्पा, पण तुम्ही जिवंत आहात. जिवंतपणी उतरवतायत. बरं करायला."

"त्या दाराला काय कळतंय?"

खालून डेनिसचा आवाज आला. त्याला भाषा कळत नव्हती, पण आवाज कळला असावा. "सुनेत्रा, त्याला सांग... मी तेव्हा फर्निचर म्हणालो ते... माझी आई शेवटी त्या वरच्या खोलीत होती, तेव्हाच्या शेजाऱ्यांनी दिली होती, तिला उतरवल्यानंतर हे उघडलेलं नाही. तुम्ही तिथे देव ठेवलात. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

ग्वेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या दुसऱ्या हातातल्या यंत्रावरचा आकडा मघापेक्षा खाली होता.

"मला त्यांची परवानगी हवी," ती म्हणाली. "ते शुद्धीवर आहेत. नाही म्हणतायत का?"

खिडकीबाहेर मोठी गाडी थांबल्याचा आवाज आला. जड बूट डेनिसच्या घरात शिरले.

"सुनू, काय विचारतीये ती?"

"तुम्हाला दुखतंय का, विचारतेय."

"सांग, थोडं."

मी ग्वेनला म्हटलं, "हो म्हणतायत."

•

टाक. बाळकृष्ण. अन्नपूर्णा. शंख, घंटा, ताम्हन. उदबत्तीची राख. मी सगळं स्वेटरच्या ओच्यात घेतलं आणि रिकामा देव्हारा खिडकीकडे सरकवला. अप्पा बघत होते. आता काही बोलत नव्हते. हे न बोलणं मला आईच्या वेळचं माहीत होतं. डॉक्टर बोलत होते आणि अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

खाली आडणे सरकले. गंजलेले होते, हातोडी मारावी लागली. मग दार खाली पडलं, लोंबकळत राहिलं आणि खोलीत डेनिसच्या स्वयंपाकघराचा पिवळा उजेड आला. त्याबरोबर तळलेल्या बेकनचा वास. उदबत्ती अजून जळत होती.

खालून अग्निशामक दलाचे दोघं शिडीने वर आले. त्यांच्याकडे पाठीखाली सरकवायची फळी होती. पट्टे छातीवर, मांड्यांवर, कपाळावर. अप्पांना बांधलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "पाय पुढं नको. डोकं आधी घ्या."

मी सांगितलं. "डोकं आधी घ्या म्हणतायत."

"ज्या बाजूला हुक आहे ती बाजू वर राहणार, मॅडम," एक जण म्हणाला. सौजन्याने म्हणाला. तुळईत खरोखरच एक हुक होता, भिंतीकडच्या टोकाला. मी तो आजवर कुंडीसाठी असेल असं धरून चालले होते.

पाय आधी गेले. लोकरी पायमोजे, मीच आणलेले. मग गुडघे, मग बांधलेले हात, आणि शेवटी तोंड, वर बघणारं. दोर एकसारखा सुटत होता. त्या लोकांना काम येत होतं. फळी एकदाही आपटली नाही. चौकटीला इकडे दोन बोटं जागा राहिली, तिकडे दोन बोटं.

ग्वेन शिडीने उतरली. अग्निशामक दलाचे दोघंही उतरले. त्यांनी शिडी बाजूला घेतली, कारण फळी ठेवायला जागा पुरत नव्हती.

मी वर राहिले.

जिन्यात खुर्ची अडकलेली. उंच माणूस पलीकडून ती सोडवत होता, दगडावर लोखंड घासत होतं. मी दाराच्या काठाशी ओणवी झाले. माझ्या पोटाशी देव होते, ते सांडू नयेत म्हणून एक हात ओच्याला. मला खालचं एवढंच दिसत होतं, जेवढं त्या चौकटीत मावत होतं: ग्वेनची पाठ. डेनिसच्या सपाता. अप्पांचा अर्धा चेहरा.

"शिडी लावा," मी म्हटलं. "मला खाली यायचंय."

"एक मिनिट, मॅडम. आधी यांना."

"मी त्यांची मुलगी आहे."

"हो, मॅडम. एक मिनिट."

अप्पांनी मला शोधलं. पट्ट्यामुळे मान वळत नव्हती, फक्त डोळे वळले.

"सुनू."

"आले, अप्पा. जिना मोकळा झाला की आलेच."

"ते दार लाव."

"हो."

"लाव की गं."

दार खाली लोंबत होतं, डेनिसच्या बाजूला. मी हात जितका जाईल तितका खाली घातला. बोटं लागली नाहीत. वरून ते दार कुणालाच लावता येत नाही. तसंच केलेलं आहे ते. शिवाय दोर अजून त्यातूनच गेलेले होते.

"लावलं का?"

"लावते, अप्पा."

मग ग्वेनची पाठ मध्ये आली. तिची कोपरं सरळ झाली आणि तिची पाठ वर-खाली, वर-खाली व्हायला लागली. ती मोठ्याने आकडे मोजत होती. डेनिस भिंतीला चिकटून उभा होता. त्याने वर माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, जसं कुणी चुकून दुसऱ्याच्या घरात बघावं.

मी त्यांच्यापासून एका माणसाच्या उंचीवर होते. त्यांच्या डोक्यावरची खोली माझी होती.

•

खुर्ची निघाली. मी जिन्यावरून उतरले, दोर धरून. चुलीशेजारचं दार, मग पुढचं दार, मग रस्ता. डेनिसचं दार मागच्या गल्लीत होतं, आणि गल्लीत जायचं तर ओळ संपेपर्यंत चालावं लागायचं, कारण घरं एकमेकांना चिकटलेली होती आणि मधून वाट कुठेच नव्हती. मी पळत होते. ओच्यातले देव एकमेकांवर आपटत होते. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाई गुलाब छाटत होत्या, त्या "हॅलो" म्हणाल्या आणि मीही म्हटलं, "हॅलो."

मी पोचले तेव्हा ग्वेन जमिनीवर बसलेली होती, पाठ कपाटाला टेकून. तिने मोजणं थांबवलं होतं.

तिने मला मृत्यूची वेळ सांगितली. मी ती ऐकली नाही. अप्पांचं तोंड वरच होतं, दाराकडे. पट्टे सोडले होते.

खूप वेळाने, सगळं आवरून ते लोक बाहेर गाडीपाशी गेले तेव्हा, डेनिस स्टुलावर चढला.

"तो काहीतरी सांगत होता तुला," तो म्हणाला. "वर बघून. हेच ना?"

मी मान हलवली.

त्याने फळ्यांना खालून हात लावले आणि वर ढकललं. दार जड होतं, एकट्याच्याने चौकटीत बसेना. मी टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा त्याच्या टेबलावर ठेवले, मीठ-मिऱ्याच्या बाटल्यांशेजारी, दुसऱ्या खुर्चीवर चढले आणि खालून जोर लावला. दार बसलं. त्याने एक आडणा सरकवला, मी दुसरा.

•

मी हे घर बघून आले त्या दिवशी इचलकरंजीला फोन केला होता. अप्पांनी दगडाचं विचारलं नाही, किंमत विचारली नाही. जिना कसा आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, सुंदर आहे.